घरफोडीचा आरोप : कबुलीच्या पलीकडचा खटला

'घरफोडीचे अनेक गुन्हे उघडकीस, लाखोंचा ऐवज हस्तगत' या धर्तीची बातमी शहरातल्या वाचकाला नवी नाही. बातमीच्या अखेरीस बहुधा एक ठरलेले वाक्य असते : चौकशीत आरोपीने गुन्ह्यांची कबुली दिली आहे. वाचकाच्या दृष्टीने प्रकरण तेथेच संपते. चोर सापडला, त्याने मान्य केले, दागिने मिळाले; आता राहिली ती शिक्षेची औपचारिकता. कायद्याच्या दृष्टीने मात्र खटला तेथून पुढे सुरू होतो आणि ज्या कबुलीमुळे वाचक निश्चिंत होतो, ती न्यायालयात पुरावा म्हणून वाचलीही जात नाही. घरफोडीच्या खटल्यात बचाव पक्षाचे वकील नेमके करतात तरी काय, या प्रश्नाचे उत्तर या विसंगतीपासूनच शोधावे लागते.

प्रथम गुन्ह्याची व्याख्या. १८६० च्या भारतीय दंडविधानातील या विषयाची कलमे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३२९ ते ३३१ या क्रमांकांखाली आली. क्रमांक बदलले, आशय बहुतांशी तोच राहिला. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनेच कलम लागू असल्यामुळे न्यायालयांत अजूनही '४५४, ४५७, ३८०' हे आकडे ऐकू येतात. बोलीभाषेत आपण घरात शिरून झालेल्या प्रत्येक चोरीला घरफोडी म्हणतो. कायदा म्हणत नाही. उघड्या दारातून आत येऊन टेबलावरचा मोबाइल उचलून नेणे ही राहत्या घरातील चोरी आहे, घरफोडी नव्हे. प्रवेश करताना किंवा बाहेर पडताना कायद्याने सांगितलेल्या सहा प्रकारांपैकी एखादा प्रकार घडला, तरच ती घरफोडी ठरते. स्वतः पाडलेल्या वाटेने शिरणे, भिंत चढून किंवा माणसाच्या ये-जा करण्यासाठी नसलेल्या मार्गाने शिरणे, कुलूप उघडणे, बंद केलेली वाट मोकळी करणे, दारावरच्या माणसाला धाकदपटशा दाखवणे हे त्यातले मुख्य.

१८६० च्या कायद्यात याची जी उदाहरणे दिली होती, ती आजही वाचनीय आहेत. भिंतीला भोक पाडून नुसता हात आत घातला तरी घरफोडी. दाराच्या फटीतून तार घालून खिटी उचलली तरी घरफोडी. घरमालकाची हरवलेली किल्ली सापडली आणि तिने दार उघडून कोणी आत गेला, तरीही घरफोडीच. म्हणजे काही 'फोडलेच' पाहिजे असे नाही. 'घर' या शब्दाचा अर्थही विस्तृत आहे. माणसे राहतात तो तंबू किंवा होडी, देवळासारखे प्रार्थनास्थळ आणि माल साठवण्याचे गोदाम ही सगळी त्यात येतात.

हा शब्दच्छल वाटेल. पण त्यावर माणसाची बरीच वर्षे अवलंबून असतात. साध्या चोरीला कमाल तीन वर्षे, राहत्या घरातील चोरीला सात वर्षे, चोरीच्या हेतूने दिवसा केलेल्या घरफोडीला दहा वर्षे आणि रात्री केलेल्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रात्र म्हणजे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी. आता एखादे कुटुंब चार दिवस गावी गेले, परतल्यावर कडीकोयंडा तुटलेला दिसला, तर घरफोडी दिवसा झाली की रात्री हे कोण सांगणार? फिर्यादीत 'अमुक तारखेच्या सकाळपासून तमुक तारखेच्या दुपारपर्यंत केव्हातरी' असेच लिहिलेले असते आणि कलम मात्र रात्रीच्या घरफोडीचे लावलेले असते. गुन्हा रात्रीच झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची आहे. ते सिद्ध झाले नाही, तर आरोपी सुटतो असे नव्हे. परंतु चौदा वर्षांचे कलम टिकत नाही. अशी लहान वाटणारी दुरुस्ती हा बचावाचा मोठा भाग असतो, आणि फारसे लढण्याची उमेद नसलेल्या वकिलाकडून तीच बहुधा राहून जाते.

कलमाचा परिणाम अटकेपासूनच जाणवतो. अर्नेशकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली घालून दिलेल्या नियमानुसार सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी ऊठसूट अटक करावयाची नाही. अटक आवश्यक का, याची कारणे लिहावी लागतात आणि एरवी नोटीस देऊन बोलवावे लागते. राहत्या घरातील चोरी या मर्यादेत बसते. चोरीसाठीची घरफोडी बसत नाही. उघड्या दारातून झालेल्या चोरीला घरफोडीचे कलम जोडले, की हे संरक्षण गळून पडते. म्हणून प्रथम खबरी अहवालात दाराची, कुलपाची, खिडकीची अवस्था काय वर्णिली आहे आणि घटनास्थळाच्या पंचनाम्यात काय दिसते, हे जामिनाच्या टप्प्यावरच ताडून पाहावे लागते. विशेष म्हणजे कमाल शिक्षा चौदा वर्षे असली, तरी हा खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो आणि त्यांना स्वतःच्या अधिकारात तीन वर्षांहून अधिक कैद देता येत नाही. अधिक शिक्षा योग्य वाटली, तर त्यांना प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे लागते. कुटुंबीयांना 'चौदा वर्षे' हा आकडा सांगून घाबरवणारे मध्यस्थ ही गोष्ट सांगत नाहीत.

आणखी एक गैरसमज शहरी मध्यमवर्गात विशेष आढळतो. अतिक्रमणाचा गुन्हा मालकीविरुद्ध नसून ताब्याविरुद्ध असतो. फ्लॅट स्वतःच्या नावावर आहे म्हणून भाडेकरूचे कुलूप तोडून सामान बाहेर काढणारा घरमालक गुन्ह्याच्या कचाट्यात सापडू शकतो. उलट, सासरच्या घराचे कुलूप उघडून स्वतःचे कपडे आणि स्त्रीधन घेऊन येणाऱ्या सुनेवर किंवा वडिलोपार्जित घरात शिरलेल्या भावावर 'घरफोडी'ची फिर्याद दाखल झाली, तर बचाव वेगळ्या पायावर उभा राहतो. चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो. वस्तू आपलीच आहे अशा प्रामाणिक समजुतीने ती उचलली असेल, तर तो हेतूच उरत नाही. मग ती समजूत पुढे दिवाणी न्यायालयात चुकीची का ठरेना. अशी प्रकरणे आपसांत मिटली तरी घरफोडीचे कलम दंडाधिकाऱ्यांपुढे तडजोडयोग्य नाही. गुन्हा रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयाचाच दरवाजा ठोठावावा लागतो.

अटक झाल्यापासूनचे पहिले चोवीस तास हे बचावाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आणि व्यवहारात सर्वांत दुर्लक्षित. अटकेची कारणे आरोपीला समजतील अशा भाषेत सांगणे राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने बंधनकारक आहे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये हा नियम सर्व गुन्ह्यांना लागू असल्याचे स्पष्ट केले : कारणे लेखी द्यायची, आरोपीला कळणाऱ्या भाषेत द्यायची आणि ताबडतोब शक्य नसेल, तर दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी द्यायची. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे, वैद्यकीय तपासणी, नातेवाइकाला खबर या गोष्टी तर १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून सर्वश्रुत आहेत. वकील नेमण्याची ऐपत नसेल, तर सरकारी खर्चाने वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या १२ व्या कलमानुसार कोठडीत असलेली व्यक्ती, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अटच नाही. हा हक्क आरोपीला पहिल्याच हजेरीच्या वेळी सांगणे हे दंडाधिकाऱ्यांचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच बजावले आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत २०२२ पासून पूर्ण वेळ बचाव वकिलांची योजनाही अनेक जिल्ह्यांत सुरू झाली आहे.

आता त्या कबुलीकडे वळू. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २३ व्या कलमात तो कायम आहे. पोलिसांच्या ताब्यातल्या माणसाकडून मारहाण करून हवे ते वदवून घेता येते, हे ब्रिटिश विधिमंडळालाही ठाऊक होते. मात्र या नियमाला एक अपवाद आहे आणि घरफोडीचा जवळजवळ प्रत्येक खटला या अपवादाच्या खुंटीला टांगलेला असतो. आरोपीने दिलेल्या माहितीमुळे एखादी वस्तुस्थिती उघड झाली, तर त्या माहितीचा तेवढाच भाग पुराव्यात येतो, जो त्या शोधाशी थेट निगडित आहे.

'तेवढाच भाग' म्हणजे किती, हे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९४७ साली पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात ठरवून दिले आणि आजही तोच दाखला दिला जातो. समजा, आरोपी म्हणाला, 'जोशींच्या घरातून चोरलेल्या बांगड्या मी माझ्या खोलीतल्या पोटमाळ्यावर लपवल्या आहेत, त्या काढून देतो.' पंचांसमक्ष तो पोलिसांना तेथे घेऊन गेला आणि बांगड्या निघाल्या. यातून सिद्ध काय होते? बांगड्या पोटमाळ्यावर होत्या आणि त्या तेथे असल्याचे त्याला माहीत होते, एवढेच. 'जोशींच्या घरातून चोरलेल्या' हे शब्द पुराव्यातून गाळावे लागतात. त्या बांगड्या जोशींच्याच आहेत, त्या चोरीला गेल्या होत्या आणि चोरी याच माणसाने केली, या तीनही गोष्टी सरकार पक्षाला स्वतंत्रपणे शाबीत कराव्या लागतात.

बचावाची खरी लढाई म्हणून या निवेदनाच्या आणि जप्तीच्या पंचनाम्यांवर होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एकाहून अधिक निकालांत या पंचनाम्याची पद्धत पुन्हा उलगडून सांगितली : पंच आधी बोलवायचे, आरोपीने निवेदन त्यांच्या समक्ष द्यायचे, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचे आणि मग सर्वांनी मिळून त्या ठिकाणी जायचे. व्यवहारात पंचनामा पोलीस ठाण्यात आधीच तयार असतो आणि पंच सहीपुरते येतात, हा बचाव पक्षाचा नेहमीचा आक्षेप. उलटतपासणीतले प्रश्न त्यामुळे साधे, पण नेमके असतात. पंच कोठे राहतात, पोलीस ठाण्याजवळ त्यांची टपरी आहे काय, याआधी किती खटल्यांत त्यांनी पंच म्हणून साक्ष दिली, गाडीत कोण कोठे बसले, खोलीचे कुलूप कोणी उघडले, खोलीत आणखी कोण राहते, जप्त वस्तू तेथेच लाखेने मोहोरबंद केल्या की ठाण्यात आणून? मुद्देमालाच्या नोंदवहीतली तारीख आणि पंचनाम्याची तारीख जुळते काय? एखादा पंच फितूर झाला म्हणून खटला आपोआप कोसळत नाही; तपास अधिकाऱ्याची साक्ष विश्वसनीय असेल, तर न्यायालय तिच्यावर विसंबू शकते. पण दोन्ही पंच फितूर आणि नोंदींत विसंगती असे एकत्र आले, की संशयाचा फायदा आरोपीकडे झुकतो.

नव्या कायद्याने या लढाईत एक नवे साधन आणले आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ व्या कलमाप्रमाणे झडती आणि जप्तीचे दृक्श्राव्य चित्रण करणे व ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवणे आवश्यक झाले आहे. चित्रण नाही, अर्धवट आहे, किंवा वस्तू सापडल्यानंतरच सुरू झाले आहे, असे असेल, तर वकिलाने ते आरोपपत्राबरोबर मागितले पाहिजे. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळाला भेट देण्याची तरतूदही आहे. तिच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुभा आहे.

समजा, वस्तू सापडली. मग साक्ष्य अधिनियमातले एक प्रसिद्ध गृहीतक पुढे येते : चोरीनंतर लवकरच चोरीचा माल ज्याच्याकडे सापडतो आणि तो जवळ कसा आला हे जो सांगू शकत नाही, तो एक तर चोर किंवा चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा, असे न्यायालय मानू शकते. 'मानू शकते', मानलेच पाहिजे असे नाही. 'लवकरच' म्हणजे किती दिवस, हे कायदा सांगत नाही. हातोहात फिरणारी रोकड किंवा मोबाइल असेल, तर काही आठवडेही पुष्कळ. सहजी न खपणारा दागिना असेल, तर न्यायालयांनी बराच मोठा काळही मान्य केला आहे. शिवाय 'ताबा' हा अनन्य असला पाहिजे. १९५४ च्या त्रिंबक विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात दागिने उघड्या शेतातून, म्हणजे कोणीही जाऊ-येऊ शकेल अशा जागेतून निघाले होते. ते आरोपीच्या ताब्यात होते असे म्हणणे न्यायालयाने नाकारले. चाळीतला सामायिक जिना, इमारतीची गच्ची, रेल्वेमार्गालगतचे झुडूप या जागांना हाच युक्तिवाद लागू पडतो.

सोन्याच्या बाबतीत अडचण आणखी निराळी. चोरीचे दागिने बऱ्याचदा सराफाकडे वितळवले जातात आणि पोलिसांच्या हाती लागते ती सोन्याची लगड. लगडीवर कोणाचे नाव नसते. फिर्यादी स्त्री आपले मंगळसूत्र मण्यांवरून ओळखू शकेल, पण पिवळ्या धातूचा तुकडा ती कसा ओळखणार? वजन जुळते, हा फार दुबळा धागा आहे. दागिने मूळ रूपात मिळाले, तरी ते तशाच इतर दागिन्यांत मिसळून ओळखायला लावले होते काय, फिर्यादीत त्यांचे वर्णन आणि वजन होते काय, की जप्तीनंतरच्या पुरवणी जबाबात ते अवतरले, हे पाहिले जाते. २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यांवर येणारा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक यापुढे ओळखीचा वाद बराच सोपा करील. तो फिर्यादीच्या बाजूने जाईल तसा आरोपीच्याही बाजूने जाऊ शकेल. ज्याच्याकडून लगड जप्त होते, त्या सराफाचीही स्थिती नाजूक असते. माल चोरीचा आहे हे त्याला माहीत होते किंवा तसे मानण्यास सबळ कारण होते, हे सिद्ध झाल्यावाचून त्याला शिक्षा देता येत नाही, याचा पुनरुच्चार सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये केला. पावतीपुस्तक नीट ठेवणाऱ्या सराफाला तेच पुस्तक तारते.

बोटांच्या ठशांविषयी वाचकांच्या मनात जवळजवळ अंधश्रद्धा असते. कोलकात्याला १८९७ मध्ये जगातले पहिले ठसे कार्यालय स्थापन झाले. पुढच्याच वर्षी जलपायगुडीतल्या चहाच्या मळ्यातील व्यवस्थापकाच्या खुनाचा खटला उभा राहिला. पंचांगावर उमटलेला ठसा कांगाली चरण या जुन्या नोकराचा निघाला. न्यायालयाने त्याला चोरीसाठी दोषी ठरवले. खुनाचा आरोप मात्र शाबीत धरला नाही. ठसा काय सांगतो आणि काय सांगत नाही, याचे हे सव्वाशे वर्षांपूर्वीचे उत्तम उदाहरण आहे. ठसा इतकेच सांगतो की या बोटाने त्या वस्तूला स्पर्श केला होता. केव्हा, हे तो सांगत नाही. ज्या घरात रंगारी, सुतार, केबलवाला किंवा मोलकरीण यांची नेहमीची ये-जा आहे, तेथे कपाटावरच्या त्यांच्या ठशाला मोल फारसे नाही. कधीही पाऊल न ठेवलेल्या घराच्या आतल्या तिजोरीवर परक्याचा ठसा सापडला, तर मात्र तो बोलका पुरावा आहे आणि त्याचे स्पष्टीकरण न देता मौन पाळणे आरोपीला महाग पडू शकते. आरोपीचे ठसे घेणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे नव्हे, हे मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या १९६१ च्या अकरा न्यायमूर्तींच्या निकालाने ठरून गेले आहे. त्या मुद्द्यावर आता कोणी वकील वेळ दवडत नाही.

सीसीटीव्हीच्या चित्रणाचे तसेच. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत दाखल करताना प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. नव्या अधिनियमात हे प्रमाणपत्र दोन भागांत, उपकरणाच्या जबाबदार व्यक्तीचे आणि तज्ज्ञाचे, द्यावे लागते. सोसायटीच्या सचिवाने पेनड्राइव्हवर दिलेली चित्रफीत प्रमाणपत्रावाचून आली, तर तिला हरकत घेण्याची वेळ ती वाचली जाण्याआधीची असते, अपिलात नव्हे. मोबाइलच्या मनोऱ्यावरून मिळणारी माहिती परिसर दाखवते, घर नाही. मुंबईसारख्या शहरात त्या परिसरात हजारो माणसे असतात. आणि घरफोडी करणाऱ्याला कोणी पाहिलेलेच नसते, म्हणून ओळख परेडचा प्रश्न क्वचितच येतो. आला, तर परेडपूर्वी आरोपीचे छायाचित्र साक्षीदाराला दाखवले गेले होते काय, चेहरा झाकून त्याला न्यायालयात नेले होते काय आणि अटकेनंतर परेडला किती दिवस लागले, हे प्रश्न निर्णायक ठरतात.

संशयाची सुई प्रथम कोणाकडे वळते, याविषयीही बोलले पाहिजे. शहरात ती घरकामगार स्त्रीकडे वळते. 'चौकशीला' म्हणून तिला रात्री उशिरापर्यंत पोलीस ठाण्यात बसवून ठेवले जाते. कायदा असे सांगतो की साक्षीदार म्हणून स्त्रीची चौकशी तिच्या राहत्या घरीच करावी आणि सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करायची तर अपवादात्मक परिस्थिती, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी. खेड्यात आणि निमशहरी भागात ती सुई पारध्यांच्या पालाकडे वळते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्याची सावली पोलीस ठाण्यांच्या नोंदवह्यांतून पुसली गेली नाही. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ऑक्टोबर २०२४ मध्ये दिले आहेत. पूर्वीची वाईट चालचलणूक हा या गुन्ह्याचा पुरावा होत नाही, हे तर कायद्यात लिहिलेलेच आहे. जुन्या शिक्षेचा विचार दोषी ठरल्यानंतर होतो. तेव्हा मात्र तो होतो आणि शिक्षा बरीच वाढू शकते.

घरफोडीच्या आरोपीला सर्वाधिक छळते ती शिक्षा नसून निकालापूर्वीची कैद. साठ दिवसांत आरोपपत्र आले नाही, तर जामीन हा हक्क होतो. पण तो मागितला तरच मिळतो आणि आरोपपत्र दाखल होण्यापूर्वी मागावा लागतो. नव्वद दिवसांची मुदत कोणत्या गुन्ह्यांना, याविषयीची शब्दरचना नव्या संहितेत थोडी बदलली असल्यामुळे रात्रीच्या घरफोडीत सरकार पक्ष नव्वद दिवसांचा दावा करू शकतो. बचावाने तरीही एकसष्टाव्या दिवशी अर्ज द्यावा, हे शहाणपणाचे. आणखी एक तरतूद आहे, जी वकीलही विसरतात : दंडाधिकाऱ्यांपुढील अजामीनपात्र खटला साक्षीपुराव्याच्या पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत संपला नाही आणि आरोपी सर्व काळ कोठडीत असेल, तर कारणे नोंदवल्याखेरीज त्याला आत ठेवता येत नाही.

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला असेही नाही. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७८ च्या प्रकरणातला अर्जदार गवंडी होता. सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिल्यानंतर दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याचा भाऊ उभा राहिला, तर मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला नाकारले. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक ताशेरे ओढून रक्कम एक हजारावर आणली. परप्रांतीय मजुराला स्थानिक जामीनदार मिळत नाही, ही अडचण मात्र आजही प्रत्येक तुरुंगात भेटते. नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाने पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ भोगला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडण्याची सोय केली, ही चांगली गोष्ट. पण त्याच कलमात एक पाचर आहे : एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील, तर ही सवलत नाही.

येथे लेखाच्या आरंभीच्या बातमीतला 'अनेक गुन्हे उघडकीस' हा भाग वेगळ्या प्रकाशात दिसतो. एका अटकेनंतर परिसरातल्या जुन्या, तपास न लागलेल्या घरफोड्या त्याच आरोपीच्या नावावर लावण्याचा मोह तपास यंत्रणेला होऊ शकतो. प्रत्येक गुन्ह्यात वेगळी अटक, वेगळी कोठडी, वेगळा जामीन अर्ज, वेगळा जामीनदार. एका प्रकरणात सुटका झाली, की दुसऱ्या ठाण्याचे पोलीस तुरुंगाच्या दारात ताबा घ्यायला उभे. बचावाच्या वकिलाला अशा वेळी सर्व प्रकरणांचा एकत्र तक्ता मांडून प्रत्येकातला स्वतंत्र पुरावा काय आहे, हे न्यायालयाला दाखवावे लागते. अनेक प्रकरणांत कथित कबुलीपलीकडे काहीच निघत नाही आणि त्यातून दोषमुक्तीचा अर्ज करता येतो. नव्या संहितेत हा अर्ज कागदपत्रांच्या प्रती मिळाल्यापासून साठ दिवसांत करण्याची मुदत आहे.

कंटाळून सर्व खटल्यांत गुन्हा कबूल करणारे आरोपीही असतात. त्यांना एक धोका कोणी सांगत नाही. निरनिराळ्या खटल्यांतल्या शिक्षा न्यायालयाने 'एकत्र भोगाव्यात' असे स्पष्ट लिहिले नाही, तर त्या एकामागून एक भोगाव्या लागतात. उत्तर प्रदेशातील एका आरोपीला वीजसाहित्याच्या चोरीच्या नऊ खटल्यांत प्रत्येकी दोन वर्षे शिक्षा झाली होती. त्या एका वाक्याअभावी ती अठरा वर्षे झाली. उच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची सुटका केली. आरोपी गुन्ह्याच्या दिवशी अठरा वर्षांखालील असेल, तर त्याचा खटला बाल न्याय मंडळापुढे चालतो आणि वयाचा हा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर उपस्थित करता येतो, हेही लक्षात ठेवण्याजोगे. शाळा सोडल्याचा दाखला येथे ठशाहून मोलाचा ठरतो.

खटल्याच्या शेवटी न्यायाधीश आरोपीला त्याच्याविरुद्धच्या पुराव्याबद्दल विचारतात. 'खोटे आहे' एवढेच उत्तर देण्याची रूढ पद्धत आहे. ज्याच्याकडे वस्तू सापडली, त्याच्यापाशी ती विकत घेतल्याचे, गहाण आल्याचे किंवा मित्राने ठेवायला दिल्याचे खरे कारण असेल, तर ते सांगण्याची जागा हीच. आणि ते निःसंशय सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर नसते, ते संभाव्य वाटले तरी पुरे.

निर्दोष सुटल्यावरही एक काम उरते. २०२२ च्या गुन्हेगार ओळख कायद्याखाली घेतलेले ठसे आणि छायाचित्रे पंचाहत्तर वर्षे जपून ठेवण्याची तरतूद आहे. पूर्वी शिक्षा न झालेली व्यक्ती दोषमुक्त किंवा निर्दोष ठरली आणि अपिलाचे मार्ग संपले, तर न्यायालयाने वेगळा आदेश दिला नसल्यास ही नोंद नष्ट करावयाची असते. निकालपत्राची प्रमाणित प्रत जोडून राज्य सरकारने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी.